निळा कंट्रोलर

आमच्या शेजारची धाकटी सून अगदी मऊ आवाजाची. दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करायची आणि घरी येऊन मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी पाठ टेकायची. ही खोली तिला लग्नानंतर ‘तात्पुरती’ मिळाली होती. हवेशीर पुढची खोली थोरल्या जावेची.

रविवारी सगळं घर टीव्हीवर बोलिंगचा, म्हणजे चेंडूने बाटल्या पाडायचा गेम खेळायचं. गेमच्या यंत्राच्या दोन कडांना दोन छोटे कंट्रोलर. ते सरकवून काढायचे, दोरी मनगटात अडकवायची, अंगठ्याने पडद्यावरचा बाण नेमावर आणायचा आणि चेंडू टाकल्यासारखा हात फिरवायचा. लाल थोरलीचा, निळा धाकटीचा. वाटणी थोरलीनेच केलेली. धाकटीचा चेंडू हमखास डावीकडे भरकटायचा.

“अगं, चादर झटकतेस की खेळतेस?” थोरली म्हणायची. सासूबाईसुद्धा डोळे पुसत हसायच्या.

एका सुट्टीच्या दुपारी गेम चालूच राहिला होता. धाकटी टेबल पुसायला गेली, तर निळा कंट्रोलर नुसता पडलेला आणि पडद्यावरचा बाण आपोआप डावीकडे सरकतोय! तेवढ्यात आतून थोरलीचा फोनवरचा आवाज आला, “बिघडलेला तिच्या गळ्यात मारलाय. हरते आणि स्वतःलाच दोष देते, वेडी!”

धाकटीने राग नीट घडी घालून ठेवला.

त्यानंतर घर रिकामं सापडलं की ती निळा काढून बसायची. बाण उजवीकडे ओढायचा, घसरत मध्यावर आला की हात फिरवायचा. ती खोड तिच्या अंगठ्यात मुरली. रविवारी मात्र मुद्दाम हरायची, आणि सगळ्यांबरोबर हसायची.

मग एका रविवारी म्हणाली, “जाऊबाई, आज काहीतरी पैज लावूया.”

“लाव की! मला हरवलंस तर पुढची खोली तुझी,” म्हणत थोरलीने निळा तिच्या हातात ठेवला.

“सासूबाई, ऐकलंत ना?”

“ऐकलं बाई. खेळा आता.”

धाकटीच्या पहिल्याच चेंडूने सगळ्या बाटल्या आडव्या केल्या. दुसऱ्यानेही. थोरलीचा नेम चुकू लागला. खोलीत कुणी हसेना.

“परत एक डाव!” थोरली हरल्या हरल्या म्हणाली.

“खेळूया ना. फक्त निळा तुम्ही घ्या.”

थोरलीचा हात पुढे आला नाही. सासूबाई एकदा निळ्याकडे, एकदा थोरल्या सुनेकडे पाहत राहिल्या.

धाकटीने दोरी सोडली. दोन्ही कंट्रोलर यंत्राच्या कडांना टक्कन आवाज येईपर्यंत सरकवले आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली,

“मग पलंग हलवायचा ना? धरा एका बाजूने.”