रोटाच्या पिठाचा बूफर

श्रावणातला कानबाईचा, आमच्या खानदेशी देवीचा, रविवार म्हणजे आमच्या घरात आधीच सगळ्यांच्या डोक्याला ताप. त्यात त्या वर्षी धाकटी बहीण धुळ्याहून धरणगावला एकटी गाडी चालवत आली. नवऱ्याच्या मागे महिनोन्‌महिने भुणभुण लावून पहिल्यांदाच किल्ली हातात मिळाली होती. गाडीतून उतरली ती हसत नव्हती. मला तिनं मुकाट्यानं डिकीपाशी नेलं.

डिकीत पूजेच्या नारळांची पिशवी सुटून पडलेली. एरंडोलच्या अलीकडे गतिरोधकावर तिनं ब्रेक दाबला आणि एक नारळ थेट बूफरवर, गाण्याच्या मोठ्या स्पीकरवर, आदळला. त्याची जाळी तिच्या नवऱ्यानंच हौसेनं काढून ठेवलेली, पडदा उघडा दिसला पाहिजे म्हणून. घ्या आता! कागदी पडदा बोटभर फाटला होता. गाणं लावलं तर ढमढम कुठली, नुसती फरफर. पाहुणे, म्हणजे तिचा नवरा, जळगावचं काम उरकून दुपारी तिला न्यायला येणार होते. माणूस वाईट नाही, पण गाडीला ओरखडा दिसला तर दोन दिवस अन्न गोड न लागणारा. त्यांनी हे पाहिलं की किल्ली पुन्हा जन्मात मिळायची नाही, असं म्हणून ती मटकन ओट्यावर बसली.

मी काही मेकॅनिक नाही. पण कॉलेजात असताना गणेश मंडळाचे फाटके स्पीकर मीच चिकटवायचो. बाजार बंद, घरातली गोंदाची बाटली वाळून दगड झालेली. मग जुना उपाय, कणकेची खळ. स्वयंपाकघरात शिरलो, समोर दिसलं त्या पातेल्यातून मूठभर पीठ उचललं आणि खळ शिजवली. स्क्रू खोलून बूफर खोक्यातून बाहेर काढला, फाटलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या आणि पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या पुढून-मागून डकवल्या. बहीण हेअर ड्रायर धरून उभी होती आणि तो पडद्याच्या इतका जवळ आणत होती की मी तिच्यावर खेकसलो. श्रावणातली दमट हवा, खळ काही लवकर वाळेना. अखेर वाळली. जोड दिसू नये म्हणून वरून काजळ फासलं. दोन्ही तळव्यांनी पडदा हलकेच दाबून पाहिला, कुठं घासत नव्हता. जिवात जीव आला.

तेवढ्यात आई पातेलं घेऊन दारात आली.

"हाई रोटनं पीठ शे," ती म्हणाली. "आते हाई खोकं घरना बाहेर जावाव नही."

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू आम्ही वेगळे दळतो. त्या पिठाचा कणही घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. दरवर्षी बहीण येते, आईबरोबर चुलीशी खपते आणि पानं मांडायच्या आत निघून जाते. पीठच तर आहे, असं मी म्हणालो, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला पेचकस खाली ठेवला. चिकटवलेलं खरवडावं तर पडदाच फाटून हातात येणार. आणि खोकं गाडीत नसलं तर पाहुण्यांना सांगायचं काय?

बाहेर रिक्षा थांबली. घाईघाईनं बूफर जागेवर बसवून मी शेवटचा स्क्रू आवळला तोच पाहुणे डिकीपाशी हजर. त्यांनी आधी बहिणीला गाणं लावायला सांगितलं. आवाज स्वच्छ आला, छातीत घुमला. बहिणीनं डोळे मिटले. मग ते वाकले आणि पडद्यावरून बोट फिरवलं. बोटाला काजळ लागलं.

"माझ्याकडून फाटला," बहीण म्हणाली. "गाडी मी चालवत होते."

पाहुण्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी. त्या हाताचा मला असा राग आला की काय सांगू. पण जावई पडले. मी दात-ओठ खात उभा राहिलो.

"पाव्हणा, हात नका लावू," आई ओट्यावरून म्हणाली. "ते कानबाईनं पीठ शे. आमना घरना माणूसच ते लई जाई."

पाहुण्यांनी गोंधळून विचारलं, मग गाडी नेणार कोण? आईनं हनुवटीनं बहिणीकडे दाखवलं. मघाशी खोकं घराबाहेर जाऊ न देणारी हीच आई!

बहिणीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. मला वाटलं, आता ती गुपचूप गाडीत बसेल. ती आईकडे वळली.

"मी घरनी शे ना, माय? मंग माले रोट का बरं नही?"

आईचा चेहरा उतरला. ती आत गेली. लेकीचं मन मोडलं आईनं, असं माझ्या मनात आलं आणि वाईट वाटलं. मग आतून पाट मांडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईनं बहिणीला हाक मारली.

पाहुणे बाहेरचे, म्हणून त्यांना ओट्यावर चहा दिला. आत आई शेजारी बसून लेकीला रोट वाढत होती आणि बहीण रडत रडत खात होती. किल्ली तिनं जेवतानाही डाव्या मुठीतून सोडली नाही.