पोळ्यांच्या घराची नोंद

शिकवणीचा क्लास बंद पडल्यावर मी एका सर्वेक्षणाच्या कामाला लागले. सरकारदरबारी नोंद नसलेले धंदे किती, आणि लोक नोंदणी का करत नाहीत, हे बऱ्याच देशांत एकाच प्रश्नावलीने मोजायचं होतं. माझ्या वाट्याला इंदिरानगर आलं.

एका सोसायटीच्या गेटवर मी वॉचमनला मोठ्याने विचारलं, "पोळ्यांचं काम कुठल्या घरात चालतं?" त्याने तळमजल्याकडे बोट दाखवलं. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटर पुसत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आत एक काकू आणि त्यांनी कामाला ठेवलेल्या दोन बायका पोळ्या लाटत होत्या. दोन मेसना रोज पोळ्या जायच्या. काकू आधी बोलेचनात. "तुमचं नाव कुठेही येणार नाही," असं मी परत परत सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी बसायला पाट दिला.

"नोंदणी का नाही केली?"

"केली असती हो. सोसायटीचं ना-हरकत पत्र मागतात. सोसायटी म्हणते, घरात धंदा नको. गाळा घ्यायची ऐपत नाही. मग सांगा, काय करू?"

प्रश्नावलीत कर, किचकट नियम आणि अज्ञान एवढेच पर्याय होते. मी 'इतर'वर खूण केली.

महिन्याभराने फेरतपासणीला गेले, तर ओटा रिकामा. "सेक्रेटरी म्हणाले, आता सर्वेवालेसुद्धा चौकशीला यायला लागले, उद्या सोसायटीला दंड बसेल," काकू म्हणाल्या. "नोटीसच दिली." त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. कामाला असलेली एक बाई पेठ तालुक्यातल्या तिच्या गावी परतली होती, दुसरी धुणीभांडी शोधत होती.

मी तशीच सेक्रेटरींकडे गेले. आमचा सरकारशी संबंध नाही, हे समजावून सांगितलं.

"ताई, खरं असेल तुमचं. पण ठराव झालाय."

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "वाईट झालं. पण आपण मध्ये पडायचं नसतं. 'बंद' अशी नोंद करा आणि पुढचं घर घ्या."

मी जिन्यात बसून तशी नोंद केली. काकूंना सांगायला परत जायचा धीर झाला नाही. यादीतलं पुढचं घर वरच्याच मजल्यावर होतं. बेल वाजवली. दार जरासं उघडून एका बाईने विचारलं, "काय पाहिजे?"

मी आधी जिन्यात वळून पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना.