लॅमिनेट केलेली पावती

२०१७ च्या जुलैमध्ये नरपडच्या घरी मी तलासरीकडच्या एका बाईची दंडाची पावती लॅमिनेट केली. पावती १९९१ सालची होती, तिच्या नवऱ्याच्या नावाची होती आणि मूळ होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

पावती माझ्याकडे कशी आली हे सांगण्याआधी ती ज्या खोलीत आली त्या खोलीबद्दल सांगावे लागेल.

२०१५ मध्ये मी वर्तमानपत्राची नोकरी सोडली. तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवरच्या जंगल प्लॉटांवर, म्हणजे आदिवासी कसत आलेल्या वनजमिनीच्या तुकड्यांवर, पुस्तक लिहायचे ठरवले होते आणि पुस्तक लिहायला खोली लागते, असा माझा समज होता. त्याआधी वीस वर्षे मी डहाणूच्या एसटी स्टँडवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि अच्छाडच्या ढाब्यावर ट्रकच्या रांगेकडे पाठ करून बातम्या लिहिल्या होत्या. त्यांतली एकही टेबल नव्हते म्हणून चुकली नव्हती. ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही.

आमच्या वाडीत चिकू निवडून खोक्यांत भरायची एक खोली होती. ती मी रिकामी करून घेतली. चिकू पडवीत गेले. खोलीत सागाचे टेबल आले, फिरती खुर्ची आली, लोखंडी कपाटे आली. फायली सात रंगांच्या आणल्या. जंगलाला हिरवा, समुद्राला निळा, सरकारी पत्रव्यवहाराला करडा, असे करत अर्धवट कामाला लाल. वर्षभरात लाल फायली कमी पडल्या. फायलींची सूची केली, सूची वाढली म्हणून सूचीची वेगळी वही केली. लेबले छापायचे एक छोटे यंत्र घेतले आणि पहिल्या आठवड्यात त्यावर ‘टाचण्या’ असे लेबल छापून टाचण्यांच्या डबीला लावले. डबी पारदर्शक होती.

बायकोने दारात उभे राहून हे पाहिले. ती वाडीतल्या घरात वाढलेली. “चिकूच्या तीन प्रती लावतात,” ती म्हणाली. “मोठा, मध्यम, बारीक. तेवढ्यावर माल बाजारात जातो. तुमच्या कागदांच्या सात का?”

“पुस्तकाचं काम वेगळं असतं.”

“माल कधी निघणार?”

मुंबईहून एक जुना सहकारी आला. त्याने खोलीचे मोबाइलवर फोटो काढले, खुर्चीत बसून दोनदा गोल फिरला आणि म्हणाला, “इथे बसलं की आपोआप लिहिलं जाईल, बॉस.” तो स्वतः त्या वर्षी नोकरीच्या राजीनाम्याशिवाय काही लिहू शकला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या पुस्तकाची चौदा पाने झाली होती. सूची एकतीस पानांची होती.

नरपडला समुद्र जवळ आहे. खारी हवा चार महिन्यांत स्टेपलरच्या पिना खाते आणि पिनांचा गंज कागदातून पुढच्या कागदावर उतरतो. कसरीला लेबलांचा डिंक आवडतो. पावसाळ्यात फायलींच्या पाठीवर पांढरी बुरशी धरली आणि लेबले एकेक करून कपाटाच्या तळाशी पडली. मी याचा अर्थ असा लावला की व्यवस्था अजून पुरेशी नाही. वापीला जाऊन लॅमिनेशनचे यंत्र आणले.

आता ती बाई.

तिचे घर तलासरीच्या आतल्या एका पाड्यावर होते. वय साठीच्या पुढे, नवरा वारलेला, जमीन कसायला ती आणि तिची सून. घराभोवतीचा आणि उताराखालचा मिळून दोन एकरांचा, म्हणजे ऐंशी गुंठ्यांचा, प्लॉट त्यांच्या वहिवाटीत होता. वनहक्काचा पहिला दावा पुरावा नाही म्हणून नामंजूर झाला होता. २००५ च्या डिसेंबरआधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते, आणि तिच्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते. निदान तिला तसे वाटत होते.

२०१७ च्या जूनमध्ये मी पुस्तकासाठी तिच्याशी बोलत बसलो होतो. पाड्यात सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, ती मलाही तूच म्हणे. मी विचारले, जंगलवाल्यांनी कधी दंड केला होता का?

“केला ना. बैल पण नेले होते.”

“पावती दिली होती?”

“दिली असंल. गुन्ह्याचा कागद कोण दाखवतो रे सरकारला? तू दाखवशील तुझा?”

तिला सांगितले की तोच कागद चालतो. अतिक्रमण केले म्हणून दंड झाला, म्हणजे त्या साली जमीन त्यांच्याच हातात होती हे सरकारनेच लिहून दिले. ती सुनेकडे वळली. म्हणाली, “ऐकलास काय? चोरीची पावती म्हणजे मालकी. असा सरकार आपला.” दोघी पोट धरून हसल्या.

चुलीच्या वर, आढ्याला, बांबूची एक नळी टांगलेली होती. तोंडाला चिंधीचा बोळा. सुनेने ती उतरवली. आत मतदानाचे जुने कार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला आणि गुंडाळी झालेली ती पावती होती. धुराने पिवळी पडली होती, पण अक्षर शाबूत होते. पुढच्या बाजूला नाव, गाव, ‘अंदाजे दोन एकर’ आणि दंड. मागच्या बाजूला शिक्का आणि सही. सव्वीस वर्षांत तिला कसर लागली नव्हती, बुरशी धरली नव्हती. मी नळीचा फोटो काढला. पावतीचा काढला नाही. घरी नीट स्कॅन करू म्हटले.

तलासरीत त्या दिवशी वीज नव्हती, झेरॉक्सची दुकाने बसून होती. मी म्हणालो, कागद दोन दिवसांत परत आणतो. फेरसुनावणी ऑगस्टमध्ये होती.

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. पावती हिरव्या फायलीत, ‘मूळ’ असे लेबल लावलेल्या कप्प्यात होती. जुलैतल्या एका दुपारी मी त्या कप्प्यातले सगळे मूळ कागद ओळीने लॅमिनेट केले. बायको चहा घेऊन आली. तिने पिवळा कागद गरम प्लास्टिकमधून बाहेर येताना पाहिला.

“हा कोणाचा?”

मी सांगितले.

“विचारलंत तिला?”

विचारले नव्हते. स्कॅन त्यानंतर केला. प्लास्टिकवर उजेडाचा पट्टा आला आणि नेमका तो ‘दोन एकर’ या शब्दांवरून गेला. पुन्हा करायचा म्हणून लाल फायलीत ठेवला.

पावती परत द्यायला गेलो तेव्हा मी खुशीत होतो. आता भिजणार नाही, फाटणार नाही, असे काहीसे बोललो. बाईने ती दोन बोटांत धरली, वाकवून पाहिली, नाकाशी नेली.

“नळीत जात नाय आता,” ती म्हणाली. “आणि वासही गेला. माझाच कागद ना रे हा?”

सुनावणीला मी सोबत गेलो. टेबलामागच्या कारकुनाने पावती उलटीसुलटी केली, नखाने कड उचलून पाहिली.

“आजी, हे काय आहे? ड्रायव्हिंग लायसन?”

“दंडाचा कागद आहे. नवऱ्याचा.”

“मूळ कागद हाताला लागला पाहिजे. मला प्लास्टिक लागतंय. रंगीत झेरॉक्स आत घालूनही आणतात लोक. कोणी केलं हे?”

बाईने माझ्याकडे मान वळवली. मी सांगितले की मी केले.

“तुम्ही काय करता?”

“लिहितो.”

“मग लिहायचं होतं ना, साहेब. याला कशाला हात लावला?” तो माणूस उद्धट नव्हता. त्याने पावती परत दिली, पुढची तारीख दिली आणि प्लास्टिक काढून आणायला सांगितले.

काढायला मी ती पुन्हा नरपडला आणली. यावेळी सुनेने स्पष्ट विचारले, “फाडणार नाय ना?” मी नाही म्हणालो. गरम इस्त्री कापडावरून फिरवली की थर सुटतो, असे कुठेतरी वाचले होते. ते कात्रण माझ्याकडे होते, करड्या फायलीत, सूचीत नोंदलेले, आणि लगेच सापडले. खोलीने दोन वर्षांत वेळेवर दिलेला तो एकमेव कागद. टेबलावर चादर घातली, इस्त्री तापवली, एका कडेपासून प्लास्टिक सोडवायला सुरुवात केली. प्लास्टिकचे दोन थर सुटले. कागद मात्र जाडीत दुभंगला, साल सोलल्यासारखा. पुढची अक्षरे एका पापुद्र्यावर राहिली आणि मागचा शिक्का दुसऱ्या. दोन्ही पापुद्रे प्लास्टिकला घट्ट चिकटलेले होते.

मी ते दोन तुकडे पाड्यावर नेले. बाईने ते उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवले.

“एकावर नाव,” ती म्हणाली, “एकावर सरकार. आता दोघांना भेटवणार कोण?”

सून आत गेली. तिने मला पाणी विचारले नाही. त्या घरात तसे पहिल्यांदाच झाले.

त्यानंतरचे काम सरळ आहे. पावतीपुस्तकात कार्यालयाकडे राहणारी स्थळप्रत मिळावी म्हणून वनखात्याकडे अर्ज केला. त्या वर्षाची पावतीपुस्तके उपलब्ध नाहीत असे उत्तर आले. स्कॅन दाखल केला, त्यावर उजेडाचा पट्टा असल्याने क्षेत्र वाचता येत नाही, असा शेरा पडला. दोन तुकडे एका पाकिटात घालून जोडले, ते फाटके दस्त म्हणून नोंदले गेले, पुराव्यात धरले नाहीत. मी काय केले याचे प्रतिज्ञापत्र दिले. ते घेतले गेले. पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले की ही माणसे आमच्या आठवणीपासून तिथे नांगर धरतात. किती जागेवर, असे विचारल्यावर एकाने उतारावरच्या सादड्याच्या झाडापर्यंत हात केला. झाड दोन वर्षांपूर्वी पडले होते. दुसरा म्हणाला, पोट भरेल एवढी.

जबाबांवरून वहिवाट मान्य झाली. क्षेत्राचा लेखी पुरावा नाही म्हणून जागेवर त्या दिवशी जेवढे पीक उभे दिसले तेवढेच मोजले. मोजणी मे महिन्यात झाली. भाताची खाचरे त्या दिवसांत मोकळी असतात. घराभोवती वांगी आणि मिरची होती.

२०१९ च्या मार्चमध्ये तिच्या नावाने पट्टा मिळाला. त्यावर अठरा गुंठे लिहिले आहेत.