रेवा पोटाशी, हात मोकळे!

मूल पोटाला बांधून पुण्यात घराबाहेर पडलं, की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते समोरून चालत येतात, बाळाकडे बघतात, आपल्याकडे बघतात आणि वर फुकटचा सल्ला देऊन जातात! माझ्याकडे इतके साठलेत, की मैत्रिणी जमल्या की चहा यायच्या आत फर्माईश होते, "मीनल, ते बाळ बांधायचं सांग ना!" तर सांगते.

आमची रेवा खाली ठेवली की रडायची. झोपणार तर माणसाच्या अंगावरच, असं तिचं तत्त्व होतं. इकडे माझी रजा संपत आलेली. रजेवर जाताना ऑफिसातली माझी टीम 'तात्पुरती' दुसऱ्याकडे दिली होती. हे तात्पुरतं म्हणजे काय, ते नोकरी करणाऱ्या बाईला सांगायला नको! मला टीम परत हवी होती आणि रेवाही जवळ हवी होती. म्हणजे दोन हात मोकळे हवे होते. मी नवऱ्याला, निखिलला, सांगून टाकलं, "आपण कॅरिअर घेतोय." म्हणजे मूल पोटाशी बांधायची ती पट्ट्यांची पिशवी.

हे सासऱ्यांच्या कानावर गेलं. सासू-सासरे मूळचे शनिवार पेठेतले, रेवासाठी आमच्याकडे खराडीला राहायला आले होते. रविवारी बाबा मित्रांना भेटायला पेठेत गेले आणि दुपारी त्यांचा फोन आला.

"मीनल, कॅरिअर बघितलंय. चांगलं जाड लोखंडाचं आहे. वर स्प्रिंगची क्लिप आहे, त्यामुळे मूल निसटायचं नाही."

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"सायकलच्या दुकानात!"

मी हसू दाबत त्यांना समजावलं. पलीकडे बाबा दुकानदाराला सांगत होते, "अहो, सायकलचं नको, बाळाचं हवंय." त्यावर दुकानदाराचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "मग घंटी तरी घेऊन जा. बाळाला आहे का घंटी?"

शेवटी मी आणि निखिल रेवाला घेऊन एका बाळांच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव विचारू नका, मला तिथे परत जायचंय! मालकांनी पुढ्यात जे टाकलं, त्यात बाळाचे पाय सरळ खाली लोंबकळत होते. मी म्हटलं, "हे नको. कापड गुडघ्यापर्यंत पोचलं पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर राहिले पाहिजेत."

"सगळे हेच नेतात."

"सगळ्यांना शुभेच्छा. दुसरं दाखवा."

दुसरं आलं. मी म्हटलं, बाळाला घालून बघते. ते म्हणाले, "ट्रायल मिळणार नाही. चप्पल आहे का ही?"

आता मलाही चेव आला. मी पट्टे अंगावर चढवले, निखिलने रेवाला आत बसवलं, आणि ती बया माझ्या छातीवर गाल टेकून झोपली! मालक काउंटरवरून ओरडायला लागले, "अहो मॅडम, काढा ते!"

मी शांतपणे म्हटलं, "ती उठली की दोन तास रडते. तुम्हाला काढायचं असेल, तर तुम्ही काढा."

त्यांनी रेवाकडे पाहिलं. मग कुजबुजत विचारलं, "कार्ड की कॅश?"

घरी आलो आणि सासूबाईंनी ती वस्तू पाहिली. आई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, तरी घर अजून वर्गच आहे. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "झोळी आणलीस? झोळी भिक्षेला लागते. मुलासाठी मांडी असते."

मला लागलं. खरंच लागलं. मी म्हटलं, "आई, मांडी घालून बसलं की ऑफिसचं काम कोण करणार?"

"आम्ही नाही का केल्या नोकऱ्या?"

"तुमच्या सासूबाई होत्या ना घरी. त्यांची मांडी होती."

त्या दिवसापासून आईंनी कॅरिअरला बोट लावलं नाही. नावही घ्यायच्या नाहीत. 'ते' म्हणायच्या. "ते सोफ्यावरून उचल." "ते धुतलंस का?"

सोसायटीत तर रोज परीक्षा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या, की त्यांचं एकच, "अगं, पाय फाकलेत पोरीचे. फेंगडी चालेल!"

एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं. तिसऱ्यांदा मात्र मी विचारलं, "काकू, तुम्ही तुमच्या मुलांना कडेवर घ्यायचात ना?"

"म्हणजे काय! दोघांनाही!"

"मग कडेवर ती पाय जुळवून सावधानमध्ये बसायची का?"

लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली. काकू उतरल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तोंड झाकू नकोस मात्र तिचं." हे मात्र बरोबर होतं. बाळाचं नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीत रुतता कामा नये, आणि आपण मान झुकवली की टाळूची पापी घेता आली पाहिजे, एवढं ते वर हवं. हे मी काकूंना सांगितलं. तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये शिरल्या की आधी म्हणतात, "घे बघू पापी!"

गेटवर एका गृहस्थांनी मला अडवलं. सोसायटीतलेच, पण ओळख नाही. "एवढ्या शिकल्यासवरल्या तुम्ही, आणि बांधकामावरच्या बायकांसारखं मूल बांधून फिरता?"

मला असा राग आला! पण आवाज चढवला असता तर रेवा उठली असती. मी म्हटलं, "हो, तस्संच. त्याही कामाला जातात, मीही जाणार आहे. आपण कुठे निघालात?"

ते फिरायला निघाले होते.

निखिलचीही सुटका नव्हती. तो एका सकाळी रेवाला बांधून कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेला. तिथे बसणाऱ्या मावशी जुन्या खराडी गावातल्या, घरची शेती होती तेव्हापासून भाजी विकणाऱ्या. त्यांनी विचारलं, "लेकराची आई कुटं हाय?"

"झोपलीय."

"या वक्ताला? आन् तुमी पोर बांधून भाजी आणताय?"

निखिल म्हणाला, "मावशी, रात्रभर ती जागली. आता माझी पाळी."

मावशींनी हातातला तराजू खाली ठेवला. मग शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का?"

आणि आता शेवटचा.

रजा संपली. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरनी व्हिडिओ कॉल ठेवला. विषय एकच, टीम मला परत द्यायची की नाही. त्या दिवशी मी घरून काम करत होते आणि नेमकी रेवाला सर्दी. आडवं केलं की नाक बंद, नाक बंद की भोकाड! निखिल ऑफिसला गेलेला, बाबा बँकेत. मी कॅरिअर चढवलं, रेवाला बसवलं, पण एक बक्कल पाठीवर असतं, दोन खांद्यांच्या मधोमध. ते रोज निखिल लावायचा. माझा हात काही केल्या पोचेना. कॉल सुरू व्हायला आलेला.

मी आईंच्या खोलीच्या दारात गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून नुसती उभी राहिले. मागायला जीभ रेटेना.

मग पेपर घडी केल्याचा आवाज आला. मग 'टक्' असा बक्कल बसल्याचा.

कॉल लागला. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं, मग रेवाच्या टोपीकडे पाहिलं. म्हणाले, "मीनल, तू आत्ता बाळात बिझी आहेस. टीम राहू दे ना त्यांच्याकडेच. घाई काय आहे?"

मी म्हटलं, "सर, मी बिझी नाही. माझे दोन्ही हात मोकळे आहेत. टीम मला परत हवी आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठीच बोलतोय. मला खरंच तुझ्या करिअरची काळजी वाटते."

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक चष्मा कॅमेऱ्यात डोकावला.

"नमस्कार. मी हिची सासू," आई म्हणाल्या. "अजिबात काळजी करू नका. बक्कल मी स्वतः लावलंय. सुटायचं नाही!"