शेठचा डावा गुडघा आणि माझा घसा

आमच्या घरघंटीपायी झालेल्या एकाही प्रार्थनेला मी आमेन म्हटलेलं नाही. डोळे मिटले, मान खाली घातली, ओठही हलवले, पण आवाज बाहेर काढला नाही. पावसाळ्यापासून नाताळापर्यंत दर शुक्रवारी हे असंच चाललं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी कुणाला काहीच सांगत नाही. वाशिंदच्या कारखान्यात वर्षानुवर्षं माझ्या शेजारी डबा खाणाऱ्या माणसाला मला मुलं किती, हेसुद्धा ठाऊक नाही. त्याने विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर. मी कारखान्यात पॅकिंगला, बायको घरी दळण दळते. आमच्या भागात भाकरी तांदळाची, आणि तिच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरत नाही, अशी तिची ख्याती. कारण साधं आहे. ती तांदूळ धुते, जुन्या लुगड्यावर पसरते, पावसाचे दिवस असले तर पंख्याखाली ठेवते, आणि मग एक दाणा दाताखाली धरून बघते. कट असा आवाज आला तरच दळायचं. आवाज नाही आला, तर गिऱ्हाईक कोणी का असेना, उद्या ये म्हणून परत.

नवी घरघंटी तिने मुरबाडच्या बाजारातून आणली होती. आणून फार दिवसही झाले नव्हते. एक दिवस तांदूळ पंख्याखाली पसरून ती वैशाखऱ्याला बहिणीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "पंखा बंद करू नका. येवढंच काम हाय तुम्हाला."

येवढंच काम! मला ते लागलं. म्हटलं, संध्याकाळी आल्यावर तिला तयार पीठच दाखवू. मी लुगड्यावरून हात फिरवला. तांदूळ गार लागला, पण मी तो पंख्यामुळे गार आहे असं ठरवलं. दाणा दाताखाली धरला, कट असा आवाज आला नाही. माझे दात पहिल्यासारखे राहिले नाहीत, असंही ठरवलं. आणि ओतला.

मशीन थोडा वेळ बरं चाललं. मग आवाज जड झाला, पंगतीत आग्रहाने जेवलेल्या माणसासारखा. मग करपल्याचा वास आला. बंद करून उघडलं, तर आत पीठ नव्हतं, लापशी होती. जाळीवर थापली गेलेली. चमच्याच्या दांड्याने निघाली तेवढी खरवडली आणि परसात नेऊन टाकली. कोंबड्यांनी सगळा पुरावा खाल्ला. उरलेला तांदूळ पुन्हा नीट पसरला, मशीन पुसून बंद केलं आणि वर्तमानपत्र वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी बायकोने बटण दाबलं. मशीन एकदा कण्हलं आणि गेलं.

दुकानातून मिस्त्री आला. त्याने जाळी काढून नखाने वाळलेला पापुद्रा उचलला. "ओलं दळलंय, ताई. वॉरंटीत बसत नाय."

"कोणी दळलं? मी? माझ्या हातनं ओला दाणा जायचा नाय."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "यांनी तर नाय ना घातलं?"

बायको खळखळून हसली. "हे? यांना बटण कुठल्या अंगाला हाय ते तरी माहीत हाय काय?"

मीही हसलो. बटण उजव्या अंगाला आहे.

तिथेच बोललो असतो तर दोन शिव्या खाऊन संध्याकाळी जेवायला बसलो असतो. पण तिने ज्या खात्रीने मला बिनकामाचा ठरवलं, त्या खात्रीच्या आडोशाला मी जाऊन उभा राहिलो. तिथे सावली होती.

बायको मुरबाडला जाऊन दुकानदाराशी भांडली. पोट सुटलेला, एका पायाने लंगडत काउंटरच्या आत-बाहेर करणारा शेठ. भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "ताई, मशीन खोटं बोलत नाय, माणूस बोलतो." ऐकणाऱ्यांत आमच्या गावच्या दोघी होत्या. आठवडा जायच्या आत पाड्यापाड्यांतून बोललं जाऊ लागलं की तिच्याकडे ओलं दळतात. बायकोने शेजारणीचं मशीन मागून आणून काम चालू ठेवलं होतं, तरी बाया डोक्यावर दळणाचे डबे घेऊन आमच्या दारावरून पुढच्या गावच्या गिरणीवर जाऊ लागल्या. दार आलं की त्यांना नेमकं पलीकडच्या बाजूला काहीतरी बघायचं असे.

एकदा ती ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मशीन गेली तर जाऊ दे. पण माझं नाव घेऊन गेला तो." मग ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्जाचा मजकूर मी लिहिला. 'तक्रारदाराने कधीही ओले धान्य दळलेले नाही.' तक्रारदार बायको होती, म्हणजे वाक्य खरंच होतं. हे वाक्य सुचलं तेव्हा मला स्वतःची हुशारी आवडली, हेही आता सांगून टाकतो.

ठाण्याला खेपा झाल्या. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. घरात बोलणं कमी झालं. एक दिवस बायकोने दुकानातलं पाकिटबंद पीठ आणून भाकऱ्या केल्या. सगळ्या कडेला चिरलेल्या. तिने त्या वाढल्या, मी खाल्ल्या.

आम्ही दोघंही जन्माने ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहानशी. रविवारी शहापूरला भाड्याच्या हॉलमध्ये उपासना आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. एका शुक्रवारी बायकोने प्रार्थनेला विषय ठेवला, की शेठला धडा मिळावा. आमचे पाळकसाहेब मवाळ माणूस. ते म्हणाले, "बाई, धड्याचं आपण देवावर सोडू. वैऱ्यासाठी प्रार्थना करायची आपल्याला आज्ञा आहे."

"मी? त्या शेठसाठी?"

"तुम्हीच."

बायकोने डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि दात आवळून सुरू केलं. "प्रभू, त्या शेठचं भलं कर. त्याचं दुकान चालू दे. त्याचा पाय दुखतो, तो बरा कर. आणि त्याला अक्कल दे. भरपूर दे, प्रभू, थोडीने भागायचं नाय."

सगळे म्हणाले, आमेन. मी ओठ हलवले. मला वाटलं, देवाने शेठला अक्कल द्यायची ठरवली आणि शोध घेत घेत तो आमच्या परसातल्या कोंबड्यांपर्यंत आला, तर?

आमच्या मंडळीत एक म्हातारी काकी आहे. तिची लेक धसईला दिलेली. काकी दर आठवड्याला मुरबाडला उतरून धसईची गाडी धरते, आणि गाडी येईपर्यंत बसायला तिला शेठच्या दुकानाची पायरी सोयीची. पुढच्या खेपेला तिने शेठला सांगूनच टाकलं, "शुक्रवारी तुझ्यासाठी प्रार्थना केली रे बाबा."

शेठ दचकला. "मावशी, शाप देता काय?"

"शाप कशाला देऊ? तुझा पाय बरा होवो म्हणून मागितलं. उजवा का डावा?"

"कशाला?"

"नीट सांग. भलत्या पायाला लागायला नको."

"डावा," शेठ म्हणाला. "गुडघा."

ही हकीकत काकीने शुक्रवारी सगळ्यांना ऐकवली आणि त्या दिवसापासून डावा गुडघा आमच्या प्रार्थनेत कायमचा बसला. मंडळीतलं कुणीही मुरबाडला गेलं की दुकानात डोकावून विचारी, "शेठ, गुडघा कसा हाय?" बी-बियाणं घ्यायला गेलेले विचारत, दवाखान्यात गेलेले विचारत. शेजारचे दुकानदार शेठला चिडवू लागले. ज्या बाईने केस टाकली तिचीच माणसं पायाची चौकशी करतात, हे त्याच्या वकिलालाही कळेना. शेठ आधी तोंड फिरवायचा. मग "हाय तसाच" म्हणू लागला. मग एकदा त्यानेच काकीला विचारलं, "कालच्या शुक्रवारी झाली ना?"

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. काकीला दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. एका शुक्रवारी प्रार्थना संपल्या संपल्या ती म्हणाली, "तुझा आवाज का नाय येत रे आमेनला?"

"घसा बसलाय, काकी."

चूक झाली. काकीने लगेच मला मधोमध बसवलं. सगळे भोवती जमले आणि काकीने माझ्या गळ्यावर हात ठेवला. खरखरीत, लसणाचा वास येणारा हात. ती माझ्या घशासाठी प्रार्थना करू लागली. साधं बोलत होती, आईने शाळेतल्या मास्तरांना सांगावं तसं, की हा मुळात कमी बोलतो, त्यात याचा आवाज नेऊ नको.

आणि मला रडू आलं. माझ्या वयाच्या माणसाच्या गळ्याला असा हात कोण लावतं? घसा ठणठणीत होता, पण त्याच्या खाली काहीतरी महिनोन्‌महिने अडकून बसलं होतं, त्यावरच तो हात नेमका पडला. बायकोला वाटलं, फार दुखतंय. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या, आणि त्या मी नाताळापर्यंत केल्या.

त्या संध्याकाळी सगळे चहाला आत गेले आणि मी सतरंज्या गुंडाळायला मागे राहिलो. ते काम नेहमी माझंच, कारण ते करताना बोलावं लागत नाही. गुडघे टेकलेलेच होते. तिथेच मी देवाला सगळं सांगितलं. तांदूळ गार होता, कट वाजला नव्हता, कोंबड्या, अर्जातलं वाक्य, सगळं. हळू आवाजात, पण शब्दांत. देवाला ते आधीच ठाऊक असणार, तरी त्याने मधेच तोडलं नाही. आत कपबश्या वाजत होत्या. मला एकदम हलकं वाटलं. त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपलो.

घोटाळा झाला तो तिथेच. एवढं बरं वाटल्यावर बायकोला सांगायची निकड संपली. देवाने क्षमा केली असं मी धरून चाललो, आणि बायकोचं बघू पुढे, म्हटलं. मिळालेला आराम खोटा नव्हता. आजही तसाच प्रसंग आला तर मी तिथेच जाऊन गुडघे टेकेन. पण तो मला बायकोपर्यंत चालत जाण्यासाठी मिळाला होता आणि मी त्यावर बसून राहिलो.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी प्रार्थना आमच्या घरी होती. गीत चालू असताना दारात टेम्पो थांबला. शेठ उतरला, फारसा न लंगडता. मागोमाग हमालाने खोकं उतरवलं. नवी घरघंटी.

शेठ जमिनीवर बसेना, त्याला खुर्ची दिली. तो बायकोला म्हणाला, "ताई, हे ठेवून घ्या आणि केस काढून टाका. मला आता दुकानात बसवत नाय. जो येतो तो माझं भलं चिंततो."

बायको हटली नाही. "मशीनचं राहू दे, शेठ. मी ओलं घातलं होतं काय, ते बोला. चार माणसं बसलीत."

शेठने भोवती बघितलं. त्याने मिस्त्रीचा शब्द, दुकानातला अनुभव, सगळं मनात तोललं असणार. मग म्हणाला, "नाय घातलं, ताई. आमचंच कायतरी चुकलं."

बायकोने पदराने डोळे पुसले. काकीने विचारलं, "गुडघा?"

"जिना चढतो, मावशी. तेवढं चालू ठेवा."

पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना केली. आमेन सगळ्यांनी म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने शेठने, आणि बरोबर जागी म्हटलं ना म्हणून त्याने एक डोळा उघडून बघितलं. तो उघडा डोळा माझ्या मिटलेल्या तोंडावर पडला.

मी एवढे महिने समजत होतो, की खरं बोललो तर बायकोचं नाव जाईल आणि घर मोडेल. तसं काहीच नव्हतं. बायकोने ओलं घातलं नव्हतं आणि शेठही खोटं बोलला नव्हता. दोघंही खरी होती, आणि माझ्या एका वाक्याने दोघंही त्याच दिवशी मोकळी झाली असती. जायची होती ती फक्त माझी अब्रू.

बाया पुन्हा आमच्या दारात डबे ठेवतात. आत्ता मी हे लिहितोय तेव्हा आत तेच मशीन चालू आहे. बायको माझं लिहिलेलं वाचत नाही. म्हणते, तुमचं अक्षर चांगलं, पण त्यात घडत काहीच नाही. तेव्हा इथे लिहिलं म्हणजे तिला सांगितलं, असं मी धरत नाही. ती युक्ती मी एकदा देवाच्या बाबतीत करून बसलो आहे.

मशीनची किंमत शेठला द्यायची आहे. तो बरोबर होता, हे ज्या माणसांसमोर त्याने चूक कबूल केली त्यांच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे. आणि त्याच्या आधी आतल्या खोलीत जाऊन, मशीन बंद करून, बायकोला सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून बाकी आहे.