घट्ट चापाचं रिव्हॉल्व्हर

केंटकीच्या डोंगरातल्या एका गावात व्हर्ना स्टिडम एकटी राहायची. संधिवाताने तिची बोटं वाकली होती. एप्रनच्या खिशात मावेल असं रिव्हॉल्व्हर घ्यायला ती होबार्टच्या दुकानात आली. त्याने दोन रिकामी रिव्हॉल्व्हरं पुढे ठेवली. हलक्याचा चाप इतका घट्ट, की दोन्ही हातांनीही तिला ओढवेना. जडाचा मात्र सहज ओढला गेला.

"हेच न्या, मावशी. ते दुसरं तुमच्या खिशात नुसता दगड. पण तुम्हाला भीती कुणाची? तुमच्या कॉफीला तर अस्वलंही घाबरतात."

"डेलमर शुक्रवारी तुरुंगातून सुटतोय. मागच्या वेळी त्याने माझा हात मोडला होता."

डेलमर तिचा एकुलता एक मुलगा होता.

व्हर्नाने जड रिव्हॉल्व्हर हळूच परत सरकवलं.

"मला ते घट्टच दे, बाळा," ती म्हणाली.