थोरल्या दिरांची नाडी

कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला हसू नका. शुद्धलेखनही चुकेल, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. स्किझोफ्रेनिया हा शब्द तर मी दवाखान्यातल्या तक्त्यावर बघून घोकून ठेवला आहे.

तो आजार माझ्या थोरल्या दिरांना आहे. त्यांच्या कानात माणसं बोलायची आणि भावजी दिवसभर त्यांना उत्तरं देत बसायचे. नव्या गोळ्यांनी ती माणसं गप्प झाली. भावजी चौक गावातल्या गॅरेजात पुन्हा कामाला लागले.

मग एका दुपारी जेवताना छातीवर बोट ठेवून म्हणाले, "इंजिन मिसफायर मारतंय."

आमचे हे हसले. "घ्या! काल टेंपो दुरुस्त केलास, आज सोताच टेंपो झालास का, दादा?"

"हसतोस काय रं? मधलाच ठोका गाळतंय. परवा गाडीखालून उठलो तर डोळ्यांपुढं अंधार."

"डोक्यातलंच हाय ते. जेव गपचूप."

मला मात्र चैन पडेना. भांडी घासताना, पाणी भरताना तेच. खरंच असलं तर? मी माझंच मनगट चाचपून बघायचे. त्यांचं बघायला धजत नव्हते. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरांच्या अंगाला हात लावत नाही. चहासुद्धा मी ओट्यावर ठेवते, मग ते उचलतात.

दोन दिवसांनी ते भिंतीला टेकून बसलेले दिसले, घामाघूम. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पदर डोक्यावर ओढला आणि त्यांचं मनगट धरलं. टक, टक, टक, आणि काहीच नाही. मग एकदम घाईघाईने दोन.

"लागलं का हाताला?"

"हाय, भावजी. चुकतंय."

त्यांचे डोळे भरले. "मंग हे तरी येडाचं नाय ना गं, बाय?"

कडावला माझ्या भावाला फोन केला, त्याने दुधाचे आलेले पैसे उसने दिले. रिक्षाने शिळफाट्याच्या दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, काढली आणि त्यांना ठेवूनच घेतलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या या नव्या गोळीने काही जणांच्या हृदयाची चाल बिघडते, माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. पण आपल्या मनाने बंद करू नका, आजार उलटेल. मनाच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळी बदलली. ते दिवस मी नुसती आतबाहेर करत होते. भावजी पुटपुटले की वाटे, ती माणसं परत आली. गप्प बसले की त्याहून भीती.

पुढची पट्टी चांगली आली. तरी ते डुलकी घेतात तेव्हा छाती हलते का, हे मी अजून बघते.

काल त्यांनी पगारातून उसन्यातले राहिलेले पैसे ओट्यावर ठेवले, नेहमीसारखे. मग मनगट पुढे केलं. "बघ गं, टायमिंग बसलंय का?"

मी बघितलं. बसलं होतं.

आज सकाळीच कडावला जाऊन भावाचे सगळे पैसे फेडून आले.